आगोटीचे ऊन

वैशाखातील एका सायंकाळी चौविहार असल्याने लवकर जेवणे आटोपून आम्ही घरची मंडळी दिवाणखान्यात बसलो होतो. नातीने मोबाईलवर इटलीतील एक चित्रफीत आम्हांला दाखवली. दक्षिण इटलीत ऑगस्टच्या कडक उन्हात घरातील आजी, सुना, नातवंडे अंगणात एकत्र बसतात, घमेलीच्या घमेली टोमॅटोंचा रस काढतात, तो बाटल्यांत भरतात आणि त्या बाटल्या मोठ्या हंड्यांत उकळून हिवाळ्यासाठी ठेवून देतात. काही टोमॅटो चिरून, मीठ लावून फळ्यांवर वाळत घातलेले दिसत होते. नात म्हणाली, "किती छान ना, दादाजी! आपल्याकडे असे काही का नाही?"

पलंगावर माळ जपत बसलेल्या माझ्या मातोश्रींचे वय आज ८६ वर्षांचे आहे. त्यांनी माळ थांबवली आणि म्हणाल्या, "तिला आंदर मावळ दाखव. आणि येताना माझे खीचिये घेऊन ये. आगोट जवळ आली."

'आगोट' हा शब्द नातीला ठाऊक नव्हता. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीचे ते दिवस. या दिवसांत पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढे धान्य, सरपण, मीठ, तेल आणि वाळवण घरात भरून ठेवायचे, त्याला आगोट भरणे म्हणतात. पुण्याच्या सदनिकेत हा शब्द कालबाह्य झाला आहे. आंदर मावळात तो अजून वापरात आहे.

मलाही तिकडे जायचेच होते, पण निराळ्या कामासाठी. वडेश्वरच्या पुढे एका लहान गावात आमच्या आजोबांनी बांधलेले दुकान आणि त्याला लागून घर आहे. गेली वीस वर्षे तेथे कोणी राहत नाही. आम्हां तिघा भावांचे ते विकण्याचे जवळजवळ ठरले होते. दलालाने मोजणीसाठी रविवारचा दिवस दिला होता. मातोश्रींना यातले काही सांगितले नव्हते. एका फेरीत दोन कामे होतील, असा हिशेब मनाशी करून मी निघालो. बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला असे हिशेब सहज सुचतात.

मावळ तालुक्याची नाणे, पवन आणि आंदर अशी तीन खोरी. लोणावळ्याला जाणारे प्रवासी रेल्वेच्या खिडकीतून जो मावळ पाहतात, तो इंद्रायणीकाठचा मधला पट्टा. कान्हे स्थानकावर उतरून, इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुकच्या रस्त्याला लागले की आंदर मावळ सुरू होते. पुढे इंद्रायणीला मिळणाऱ्या आंद्रा नदीचे हे खोरे. टाकव्याच्या आसपास आता कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. तेथून पुढे वडेश्वर, कुसूर, खांडी असे जावे तसतसे दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. वैशाखात भातखाचरे रिकामी, बांध करड्या रंगाचे, पण डोंगरउतारावर करवंदीच्या जाळ्या हिरव्या असतात.

कुसूरवरून घाट उतरून खाली कर्जतकडे भिवपुरीला जाता येते. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागण्यापूर्वी कोकण आणि देश यांच्यातील व्यापार अशा घाटवाटांनीच चाले. आमचे आजोबा मारवाडातून आले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. तरीही कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून कुसूर घाट चढून येई, ही जुन्या माणसांकडून ऐकलेली हकीकत ते आम्हांला सांगत.

खोऱ्याच्या वरच्या भागात ठोकळवाडीचा मोठा जलाशय लागतो. टाटांच्या आंध्रा व्हॅली वीज कंपनीने हे धरण बांधले आणि १९२२ पासून त्याच्या पाण्यावर घाटाखाली भिवपुरी येथे मुंबईसाठी वीज निर्माण होऊ लागली. आंद्रेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून पश्चिमेला गेले. जलाशय डोळ्यांसमोर असूनही वरच्या वाड्यांतील बायका मे महिन्यात हंडे घेऊन उतार उतरताना मी लहानपणी पाहिल्या आणि या वेळीही पाहिल्या.

पाण्याचा विषय निघाला की मला मातोश्री आठवतात. त्या लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा गावाला एकच विहीर होती. उन्हाळ्यात तिचा तळ दिसू लागे. दुहेरी कापडाच्या गळण्याने पाणी गाळायचे आणि गळण्यात राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत, थोडे पाणी घालून, हळुवारपणे परत सोडायची, हा त्यांचा नेम. चार तास खपून जिथे दोन हंडे मिळतात तेथे ही शेठाणी विहिरीला पाणी परत देते, हे पाहून सुरुवातीला बायका हसत. पुढे कोणी हसेनासे झाले. जिथला जीव तिथेच गेला पाहिजे, एवढे त्यांना उमजले होते.

आपल्या धर्माचा या मातीशी संबंध मात्र आजोबांच्याही फार पूर्वीचा आहे, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. मावळातच पाले येथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक प्राकृत शिलालेख आहे. त्याची सुरुवात अरहंतांना केलेल्या नमस्काराने होते आणि भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पाण्याचे टाके करविल्याची नोंद त्यात आहे. अभ्यासकांनी त्याचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीचे पहिले शतक असा मानला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात राहिलेल्या त्या श्रमणांनीही आधी पाण्याची सोय पाहिली, ही गोष्ट मला लेण्याइतकीच मोलाची वाटते.

मी गावात पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. आमच्या घराच्या अंगणात पाच-सहा बाया कामाला लागलेल्या होत्या. अंगण शेणाने सारवलेले, त्यावर बाजा उलट्यासुलट्या मांडलेल्या, बाजांवर स्वच्छ धुतलेली जुनी लुगडी अंथरलेली. शेजारच्या मावशी, वय सत्तरीच्या पुढे, चुलीवरच्या पातेल्यात लाटण्याने पीठ घोटत होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या नाहीत, कारण उकड सोडून उठता येत नाही. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आलास व्हय दादा? आईला न्हाई आनलं?"

गावात उन्हाळ्याचा दिवस असाच पहाटे सुरू होतो. चार वाजता पाणी, पाचला चुली, ऊन तापण्यापूर्वी पापड घातले गेले पाहिजेत. दहानंतर बाया सावलीला जातात आणि राखण पोरांकडे सोपवतात. हातात काठी, तिला बांधलेली काळी चिंधी, आणि कावळा आला की आरोळी. ही नोकरी मीही केली आहे. पगार म्हणून अर्धवट वाळलेला, चिवट, खारट पापड मिळे. बँकेच्या पहिल्या पगाराचे मला एवढे अप्रूप वाटले नव्हते.

मावळातले वाळवण तांदळाचे. या खोऱ्यात भात मुख्य, त्याच्या जोडीला नाचणी, वरई. पूर्वी आंबेमोहोराचा दरवळ असे. आता बहुतेक खाचरांत इंद्रायणी असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेले हे वाण १९८७ मध्ये प्रसारित झाले आणि आता पुण्या-मुंबईच्या घरांतही ते नावाने मागितले जाते. पण मावशी पापडाला नवा इंद्रायणी वापरत नाहीत. तो चिकट, उकड हाताला लागते, पापड लाटताना ओढला जातो. पापडाला वर्षभर मुरलेला जाडा तांदूळ, तोही धुऊन, सावलीत वाळवून, जात्यावर किंवा गिरणीत बारीक दळलेला.

गव्हाच्या कुरडया गावातल्या प्रत्येक घरी होतात. त्यांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात. तांदळाच्या फेण्यांसाठीही तांदूळ असाच आंबवतात. आमच्या घरी रात्र उलटलेले, आंबलेले चालत नसे. आमच्या मारवाडी स्वयंपाकघरातले खीचिये मात्र पीठ भिजवल्याविना, त्याच दिवशी उकड काढून, सूर्यास्तापूर्वी वाळत पडणारे. एका मापाला दोन मापे पाणी, त्यात जिरे, वाटलेली हिरवी मिरची, मीठ आणि पापडखार घालून उकळी आणायची, पीठ वैरायचे, लाटण्याने घोटायचे, झाकण ठेवून वाफ आणायची, गोळे करून गरम असतानाच लाटायचे. मातोश्रींनी हे मावशींना शिकवले आणि मावशींनी मातोश्रींना कोणता तांदूळ घ्यायचा, ऊन कोणत्या बाजूने फिरते, वळवाचा वारा सुटण्यापूर्वी ढगाचा रंग कसा होतो, हे शिकवले. पुढे गावच खीचिये करू लागले. गावाने त्यांना नाव दिले 'शेठाणीच्या पापड्या'. मुगाच्या मंगोड्याही अशाच या अंगणातून घरोघर गेल्या. आमच्याकडे मात्र नाचणीची आंबील कधी आली नाही. ती मी शेजारी जाऊन, मातोश्रींना न सांगता पीत असे. याची कबुली मी या लेखातूनच प्रथम देत आहे.

मावशींची आणि आमची जगण्याची शिस्त वेगळी असूनही उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही जवळ येत. मृगाचा पाऊस झाला की ओढे भरत, रस्ता चिखलाखाली जाई, वरच्या वाड्यांचा बाजाराशी संबंध तुटे. त्यांना चार महिन्यांची बेगमी लागे ती या कारणाने. आम्हांला ती लागे चौमाशासाठी. पालेभाजी वर्ज्य, कंदमुळे तर बाराही महिने वर्ज्य, मग वाटी भरणार कशाने? वाळवलेली गवार, मंगोड्या, कडधान्ये, पापड. आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आमच्या घरी आंबा बंद होई. मावशींच्या घरी नक्षत्राचे नाव घेत नसत, पण पाऊस पडल्यावर झाडाच्या आंब्यात अळी होते म्हणून त्याही पोरांना खाऊ देत नसत. लोणच्याच्या फोडींना तीन दिवस कडक ऊन लागलेच पाहिजे, ओलावा राहिला तर त्यात जीव पडतो, हा आमचा नियम. बुरशी धरते, हा त्यांचा अनुभव. मात्र सगळेच सारखे होते असे म्हणणार नाही. पहिल्या पावसानंतर त्या टाकळ्याची भाजी खुडून आणत आणि तिच्या चवीचे वर्णन करीत. मातोश्री हसून ऐकत, पण घेत नसत. चौमाशातील पापडाविषयीही आपल्या घराघरांत नियम वेगळे आहेत. आमच्याकडे डबा दर आठ दिवसांनी उन्हात उघडून, एकेक पापड उजेडात धरून पाहायचा आणि शंका आली तर ठेवायचा नाही, असा परिपाठ होता. उन्हात केलेले काम अपुरे राहिले तर पावसात हिंसा होते, असे मातोश्री म्हणत.

दहाच्या सुमारास पापड घालून झाले. मावशींनी जेवायला बसवले. तांदळाची भाकरी, कांदा-लसणाविना केलेले पिठले, कैरीचा तक्कू, आणि शेवटी ताक. ताकाचा तांब्या पुढे करताना त्या म्हणाल्या, "तापवून गार केलंय. कच्चं ताक डाळीसंगं तुमच्यात चालत न्हाई." द्विदलाचा हा नियम माझ्या सुनेला समजावताना मला अर्धा तास लागला होता. वीस वर्षे आमच्या घरातले कोणी या स्वयंपाकघरात जेवले नसताना त्या बाईने तो लक्षात ठेवला होता. मी मान खाली घालून जेवलो.

दुपारी दलाल आला. त्याने अंगण, ओटा, दुकान, मागची चिंचेची जागा टेपने मोजली. खोऱ्यात ठिकठिकाणी शेतघरांची कुंपणे उभी राहिली आहेत. जागेला भाव आहे, हे त्याने मला दोनदा सांगितले. खरेदीदाराला जुने बांधकाम नको होते. अंगणात आधी गाड्या उभ्या करायची फरशी बसणार होती. बाया सावलीतून ऐकत होत्या. कोणी काही बोलले नाही. मावशींनी एवढेच विचारले, "पुढल्या साली पापड कुठं घालावं मग?" गावात दुसरी अंगणे आहेत. पण घरांना आता स्लॅब पडल्या, अंगणे लहान झाली, झाडांची सावली सरकते. दिवसभर ऊन असलेली एवढी मोठी सपाट जागा आमचीच.

जुन्या दुकानाचे कुलूप उघडले. फळीवर रोजमेळाच्या आणि खतावणीच्या लाल वह्या धूळ खात पडल्या होत्या. ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत गाव मीठ, गूळ, रॉकेल, काडेपेटी उधारीवर नेई आणि भात झोडून झाल्यावर मार्गशीर्षात पैशाने किंवा भाताने फेडी. आजोबांनी नड पाहून कित्येकांची नावे पुढल्या सालात ओढली. पण सर्वच पाने गोड नाहीत. दोन-तीन खाचरे फेड न झाल्यामुळे आमच्याकडे आली, त्याच्याही नोंदी तेथेच आहेत, आणि पुढे ती आम्ही विकली. व्यापारी घराण्यातल्या माणसाने जुन्या वह्या चाळाव्यात त्या सर्व पानांसकट.

निघताना मी मावशींच्या हाती पाकीट ठेवले. दोनशे खीचिये, तांदूळ, सरपण, पाच बायांची मजुरी, असा सर्व आकडा मी मनाशी मांडला होता आणि त्यावर थोडी रक्कम वाढवूनच घातली होती. त्यांनी पाकीट परत माझ्या खिशात सारले. म्हणाल्या, "पैकं नकोत. आईनं पापडखार आन् मुगाची डाळ न्हाई धाडली?"

मला काही उत्तर देता येईना. तेव्हा उलगडा झाला. गेली चाळीस वर्षे हा व्यवहार असाच होता. तांदूळ आणि हात गावाचे. पापडखार, हिंग, जिरे, मंगोड्यांसाठी मुगाची डाळ शेठाणीची. सगळ्यांचे वाळवण एका दिवशी, एका अंगणात, आणि वाटणी पाच घरांत. मातोश्री पुण्याला आल्यावरही दर वर्षी कामशेतच्या ओळखीच्या दुकानातून ही पिशवी पाठवत होत्या. गेली दोन वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या आणि पिशवी बंद झाली, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. बायांनी स्वतःच्या खर्चाने पापडखार आणून आमचा वाटा तरीही ठेवला होता. त्या दोन वर्षांचे पापडही कोणातरी नातेवाइकाबरोबर आमच्या घरी आले होते. आम्ही ते तळून खाल्ले आणि कोणी पाठवले याची चौकशीही केली नाही. बँकेत थकीत खाते मी एका दृष्टिक्षेपात ओळखत असे. घरचे थकीत खाते मला दिसले नव्हते.

रात्री घरी पोहोचलो. मातोश्रींनी डबा उघडून एक खीचिया दिव्यासमोर धरला, उजेड आरपार येतो का ते पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मग विचारले, "पापडखार नेला होतास ना?" मी खरे ते सांगितले. घर विकण्याचा विचार आहे हेही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घर तुमचं आहे, काय ते करा. पण त्या अंगणावर आपला एकट्याचा हक्क आहे असं मला कधी वाटलं नाही."

भावांशी बोलणे झाले. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत व्यवहार थांबवायचा, एवढे मान्य झाले आहे. त्यानंतर काय होईल हे मी आज सांगू शकत नाही. धाकट्या भावाला पैशांची गरज खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. दुकानाची इमारत विकून अंगण आणि ओटा बायांच्या वापरासाठी ठेवता येईल का, याविषयी एका जाणकार वकिलाचा सल्ला घेत आहोत.

तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा येथून पुण्या-मुंबईला आलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांची खेड्यांत अशी बंद घरे असतील. ती ठेवावीत की विकावीत हे ज्याने त्याने ठरवावे. विकण्यापूर्वी एकदा वैशाखात सकाळी सहा वाजता तेथे जाऊन यावे, एवढीच विनंती. आपल्या अंगणात कोणाचे काय वाळत आहे आणि त्यात आपला वाटा कोणी राखून ठेवला आहे, हे सातबाऱ्यावर दिसत नाही.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेलो. या वेळी नात बरोबर होती. कामशेतला उतरून आम्ही दोन किलो पापडखार, पाच किलो मुगाची डाळ, हिंग आणि जिरे घेतले. तीन वर्षांचा वाटा एकदम द्यायचा म्हणून पिशव्या जड झाल्या. मावशींनी डाळ ओंजळीत घेऊन निवडली, दोन खडे काढून बाजूला टाकले आणि नातीच्या हातात काळ्या चिंधीची काठी दिली. ती दुपारपर्यंत कावळे हाकत बसली. अर्धवट वाळलेला पापड मिळाल्यावर तिने तो अर्धा मोडून मला दिला.